साडूची बोट

...आणि वर म्हणतो कसा, ‘नॉर्मन, घाई कसली?’ अहो, मला उभ्या आयुष्यात कधी घाई नव्हती! पण हा माणूस सुकाणूच्या दांड्याला रेलून, हातात चहाचा मग घेऊन, साऱ्या जगाला माफ केल्यासारखा हसायला लागला की मलाच पळत सुटावंसं वाटतं! हा म्हणजे माझा साडू, बेझिल. निवृत्त झाला, घर विकलं आणि कालव्यावर ही लांबलचक बोट घेऊन राहायलाच गेला. हिरवीगार, अंगावर गुलाब रंगवलेले, छपरावर कुंड्या... आणि नाव काय? ‘ग्लेनिस’! बायकोचं! झालं, आमच्या मॉरीनचा चेहरा उतरला. ‘माझं नाव तू आजवर कशाला तरी दिलंस का रे?’ मी म्हटलं, ‘फाटकावर आहे की!’ तर म्हणे, ‘ते पोस्टमनसाठी!’ हेवा नाही हो, तुम्हाला सांगतो, हेवाबिवा काही नाही. पण माणसानं थोडं बेतानं सुखी असावं की नाही?

तर रविवारी दिवसभर फिरायला बोलावलं. निघालो. निघालो म्हणजे... निघाल्याचं मला कळलंच नाही! काठावरचं झाड हलेचना. मागून एक आजीबाई कुत्रं घेऊन आल्या. कुत्रं प्रत्येक खांबापाशी थांबत होतं, तरी आमच्या पुढे गेलं! आणि आजीबाईंनी हात केला तो कुणाला? बेझिलला! गळ टाकून बसलेला एक माणूस, जो स्वतःच्या बायकोशीही बोलत नसेल, तोसुद्धा म्हणतो, ‘काय बेझिल, मजेत ना?’ मी जन्मभर एकाच गल्लीत राहतोय, मला शेजारी अजून ‘ते मॉरीनचे’ म्हणतात! पण हेवा? छे!

आणि ते दरवाजे! कालवा टेकडी चढतो, तो काही आपोआप चढत नाही. कुणीतरी काठावर उतरायचं, लोखंडी हँडल फिरवून दोन दारांमधल्या हौदात पाणी सोडायचं, पाण्याबरोबर बोट वर आली की मग तुळईएवढ्या दांड्याला पाठ लावून पुढचं दार ढकलायचं. कुणी? ‘नॉर्मनला व्यायाम होईल गं!’ इति ग्लेनिस. मी ढकलतोय, बूट चिखलात रुततायत, आणि खाली बोटीत मॉरीन लिंबाचा केक खात म्हणते, ‘बेझिलचा हात किती शांत आहे ना!’ अहो, काहीच केलं नाही तर हात शांतच राहणार!

शेवटी मी म्हटलंच, ‘दे की जरा सुकाणूचा दांडा.’ दिला! ‘फक्त जायचं त्याच्या उलट ढकल हं.’ समोर काठाला एक बोट बांधलेली, तिच्यावर एक बाई चहा मांडून बसलेली. मी म्हटलं डावीकडे, बोट म्हणाली उजवीकडे... तुम्हाला सांगतो, इतकी सावकाश टक्कर कुणी पाहिली नसेल! बाईंना बघायला वेळ, किंचाळायला वेळ, कपबशा उचलायला वेळ... मी तीनदा ‘सॉरी’ म्हणालो, आणि मग धडक बसली! गुलाब खरवडले, बोट गाळात. आणि बेझिल? ‘असू दे रे, रंग पुन्हा देता येतो.’ अहो, चिडायचं तरी! तेवढंसुद्धा सुख नाही!

मग दोघं बांबूनं बोट रेटत असताना हळूच म्हणतो, ‘खरं सांगू, नॉर्मन? मला तुझा हेवा वाटतो.’

‘माझा?’

‘अरे, थंडीत पाइप गोठतात. संडासची टाकी स्वतः वाहायची. ग्लेनिसला धड पाय पसरता येत नाहीत. तुझ्याकडे कसं, ऊबदार घर, बाथटब...’

काय सांगू! कानांत घंटा वाजल्या! आजवर माझा हेवा कुणी केला होता? त्या आनंदात जीभ घसरली... ‘अरे, मग हिवाळ्यात या की आमच्याकडेच!’

आले ना! सामानसुमान घेऊन आले. बेझिल तासन्‌तास माझ्या बाथटबमध्ये पडून गाणी म्हणतो, दोघी बहिणी हसतात. आणि तिकडे रिकाम्या बोटीतले पाइप गोठून फुटू नयेत म्हणून रोज कुणीतरी जाऊन शेगडी पेटवत बसायला हवं... मॉरीन म्हणाली, ‘जा ना, तुलाच हौस होती!’

तेव्हा मिळाली हो, मलाही बोट मिळाली... जानेवारीत!