देव्हाऱ्यामागची तार

मंडळी, जरा पुढे सरकून बसा! एकच प्रश्न विचारतो — देवाला जागेवरून हलवलं, तर देव कोपतो का? हं! कोणी 'हो' म्हणून मान हलवली, कोणी 'नाही' म्हणून! काय खरं मानायचं? असाच गोंधळ पद्माकरपंत टिल्लूंचा झाला. ऐका!

पंत आणि वत्सलाबाई नाशकात भाड्याच्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आले होते. एकुलती एक लेक मृण्मयी जर्मनीत, आणि आज तिचं लग्न! पंतांना डॉक्टरांनी विमानाची बंदी केलेली. लेक हट्टाला पेटली — "बाबा, शेवटचं मंगलाष्टक तुम्हीच म्हणायचं, घरूनच! तुमचा आवाज आल्याशिवाय मी हार घालणार नाही!"

तुम्ही म्हणाल, मोबाईल होता की! होता हो! पण त्या घरात रेंज रुसलेल्या जावयासारखी — आली तर आली! म्हणून ब्रॉडबँड. आज येतो, उद्या येतो करत जोडणीवाला इरफान उगवला तो ऐन लग्नाच्या दुपारी!

"काका, भिंतीला भोक पाडावं लागेल."

पंत दचकले. दुसऱ्याची भिंत! लावला घरमालकाला फोन. मालक कडाडले — "नवीन भोक अजिबात नाही! आधीच्या भाडेकरूची तार आहे ना घरात? शोधा!"

झालं! तिघं लागले शोधायला. सोफा सरकवला, कपाट सरकवलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. तार नाही! इरफान खिडकीतून बाहेर डोकावला, तर गच्चीवरून उतरलेली तार भिंतीत शिरलेली स्पष्ट दिसतेय! बाहेरून आत जाते — आणि आत आलीच नाही! "अहो, भिंतीनं गिळली की काय?" पंतांचं डोकं चालेना. घड्याळ मात्र चाललेलं!

शेवटी इरफाननं बिचकत विचारलं, "काका... त्या देवांच्या मागे?"

मंडळी, तिघांनी सगळं घर पालथं घातलं, पण तो कोपरा कोणी भिंतीत मोजलाच नव्हता! सामान लागायच्या आधी पंतांनी तिथे सागवानी देव्हारा मांडला होता. आधी देव, मग संसार! रीतच आहे आपली.

"छे! देव हलवायचे नाहीत! शुभ दिवशी, लेकीच्या लग्नात अपशकुन?"

बिचाऱ्याला कळेना — देव राखावा की लेक? डोळे भरून आले. हात जोडून तसेच उभे!

तशा वत्सलाबाई पदर खोचून पुढे आल्या. "अहो, टेम्पोत गॅसच्या शेगडीशेजारी बसून आले हे देव, तेव्हा नाही कोपले! आणि करार अकरा महिन्यांचा — पुढच्या वर्षी काय देव मालकाला देऊन जाणार आहात? पोर तिकडे हार घेऊन ताटकळलीय! धरा ती बाजू!"

त्यांनी एकेक देव ताम्हनात घेतला. पंतांनी देव्हारा ओढला. आणि मागे — तार! गुंडाळून ठेवलेली, धूळ खात!

इरफाननं भराभर जोडणी केली. मोबाईलचा पडदा उजळला. नऊवारीतली लेक समोर! मृण्मयी म्हणाली, "आई, ताम्हनात काय गं?"

"देव आलेत, तुझ्या लग्नाला!"

मग लागला पंतांचा सूर! आवाज कापत होता, पण तिकडे पोहोचत होता. लेकीनं हार घातला. इरफाननंसुद्धा अक्षता टाकल्या, आणि म्हातारा बाप घळाघळा रडला.

कोपला का हो देव? सांगा! तुम्ही-आम्ही काय करतो? दारात कोणी हाक मारतं — "थांब, पूजा चाललीय!" म्हातारी आई पाणी मागते — "थांब, जप राहिलाय!" देव कधी म्हणाला, थांबव त्यांना? आपणच त्याला माणसांच्या आड उभा करतो, आणि बोल त्याच्या माथी!

आता हात जोडलेत ना? जोडा. पण घरून कोणाचा फोन वाजत असेल, तर आधी उठा आणि तो घ्या. मी थांबतो. देवही थांबेल!