वडिलांच्या उशाशी

बोट ठेचलेला टॅक्सीवाला दवाखान्यात ड्रेसिंगची वाट पाहत बसला होता. त्याच बाकावर एक म्हातारा एकटाच होता. समोरून येणारी, त्याच्याच चर्चमधली बाई त्याला पाहून थबकली. चर्चच्या कारभारी पंचांना तिथं सगळे 'वडील' म्हणत.

"अगंबाई, वडील! तुम्ही इथं? आपल्या चर्चमधलं कोण आजारी आहे?"

"कुणी नाही गं. उद्या माझंच ऑपरेशन आहे."

"आणि सोबत?"

"तुझी काकू गेल्यापासून कोण असणार?"

"प्रार्थनेला तरी बोलवायचंत कुणाला."

"चर्चचा वडील म्हणून आजाऱ्यांच्या उशाशी मी जायचं. मी कुणाला बोलवू?"

"बाकीचे दोघे वडील आहेत की."

"माझ्यापुढं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो धाक मीच बसवलाय."

"मग मी करू?"

"तू? बायकांनी सभेत मोठ्यानं प्रार्थना करायची नाही म्हणून तुला मीच खाली बसवलं होतं."

"बसले होते. घरी जाऊन रडलेही. पण ही सभा नाही, दवाखान्याचा बाक आहे."

टॅक्सीवाल्यानं सरकून तिला जागा करून दिली.

"हळू करते हं, वडील."

"नको. मोठ्यानं कर. मला ऐकू कमी येतं."