आबांचा एकच बूट

तुम्हाला सांगते, शाळेचं नाव काढलं की मी अजून पदर सावरून उभी राहते. मी सातवी शिकलेली, आणि इथे आखातात, खैतान भागातल्या शाळेत, माझ्या लेकीच्या, ओवीच्या टीचरनी आयांनाच बोलावलं. म्हणे, घरातला जुना फोटो आणा आणि दोन मिनिटं बोला.

मी माझ्या आजोबांचा, आबांचा नेला. महायुद्धाच्या काळातली कोल्हापूरच्या त्यांच्या कॉलेजची फुटबॉल टीम. फोटोत आबांच्या एकाच पायात बूट बघून पोरं हसायलाच लागली. एक मुलगी ओरडली, "ओवी, युअर ग्रँडपा लॉस्ट हिज शू!"

ओवीनं मान खाली घातली. नवऱ्यानं पाठ करून घेतलेलं इंग्रजी मी तिथंच विसरले.

मग सरळ हिंदीत सांगितलं. लढाईत चामडं सगळं फौजेला जायचं. अख्ख्या टीमला बुटांचा एकच जोड. आबा डाव्या पायाचे, त्यांचे दोस्त बापू उजव्या पायाचे, म्हणून दोघांनी एकेक बूट वाटून घेतला. बाकीचे नऊ अनवाणी, आणि समोर बूट घातलेले गोरे सोल्जर!

"दो गोल किये," मी म्हटलं. "एक इस बूट ने, एक उस बूट ने."

तीच मुलगी म्हणाली, "आंटी, और दूसरा पैर?"

"बेटा, उस पे खडा रहना पडता है."

मधल्या सुट्टीत मी खाली आले तर अर्धा वर्ग एकेक बूट काढून बॉल मारत होता. टीचर ओरडत होत्या, आणि कुणी कुठला बूट काढायचा ते आमची ओवी ठरवत होती!