माझ्याच लेथवरचा आटा

पुरवणी जबाब, दि. १९/११/२०२४

नाव गुरुपादप्पा वीरभद्रप्पा कोरे, वय ६७ वर्षे, धंदा साखर कारखान्यातून निवृत्त टर्नर, हल्ली घरीच लेथकाम, रा. मठ गल्ली, उदगीर, जि. लातूर.

मी आज कोणी बोलावले म्हणून नव्हे तर आपणहून ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी दानम्मा हिच्यासह राहतो. मुलगा संगमेश्वर, वय ३१, हा लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक असून महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये माझा लेथ, म्हणजे लोखंड कातायचे यंत्र, आहे. तो मी भंगारातून आणून नीट केला. त्याची मोटर पिठाच्या गिरणीची आहे. पाने, पकडी, पुलर मी घरीच बनवतो. विकतच्या हत्यारावर माझा भरवसा नाही.

दि. १४ रोजी बाजाराचा दिवस असल्याने धान्याच्या मोंढ्यातील डाळ मिल बंद होती. त्या दुपारी कोणीतरी गोदामाचे कुलूप उपटून विजेच्या दोन मोटारी नेल्या. वॉचमन शेषेराव आडवे आले तेव्हा त्यांच्या डोक्यात मारले. शेषेराव लातूरला दवाखान्यात आहेत, अजून शुद्धीवर नाहीत. जागेवर कुलूप उपटायला वापरलेला एक पुलर सापडला. पुलर म्हणजे मध्ये लांब स्क्रू असलेले, बेअरिंग ओढून काढायचे अवजार.

दि. १७ रोजी मला ठाण्यात बोलावले ते जाणकार म्हणून. जमादार पंढरी साहेब म्हणाले, "अप्पा, हे विकतचं हाय का घरचं, तेवढंच सांगा." तेवढे सांगून मी उठायला पाहिजे होते. पण लोखंड हातात आले की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी बाजारातला सोळा एमएमचा नट मागवला व स्क्रूच्या आट्यावर चढवला. पाच फेरे गेला आणि अडकला. मी म्हणालो, "साहेब, हा आटा माझ्या लेथवरचा हाय. दुसऱ्या कुठल्याच मशीनवर असा पडत न्हाई." साहेबांनी ते लिहून घेतले. काय बोलून बसलो ते मला सही करताना कळले. आलेला चहा मी घेतला नाही.

असा आटा पडण्याचे कारण विचारल्यावरून सांगतो की, आटे पाडताना लेथला जे मोठे गिअर लागते ते बाजारात मिळेना म्हणून अठरा वर्षांपूर्वी मी ते घरी बनवले. त्याला १२७ दात पाहिजेत. माझे १२६ भरले. मोजण्यात माझी चूक झाली. तोवर उदगीरभर सांगून झाले होते की अप्पाने घरी गिअर पाडले, म्हणून ते बदलले नाही. त्यामुळे माझ्या लेथवरचा प्रत्येक आटा केसभर चुकतो आणि त्याला नटही मलाच करावा लागतो. ही चूक मला व संगमेश्वरला सोडून कोणाला माहीत नव्हती. आता ठाण्याला माहीत झाली.

माझा पहिला संशय शेजारी वेल्डिंगचे दुकान चालवणारा हरिओम याच्यावर होता. तो मागच्या दाराने येतो आणि न विचारता हत्यार नेतो. परंतु त्याला लेथवर साधा खिळा घासता येत नाही. त्याच्यावर मी उगाच शंका घेतली. त्याला या प्रकरणात त्रास देऊ नये.

घरी जाऊन मी मशीन तपासले. मी आटे पाडून झाले की गिअर उतरवून ठेवतो. ते चढवलेलेच होते. खाली लोखंडाचा बुरादा नव्हता. मी स्वतः एवढे स्वच्छ झाडत नाही. खंडेनवमीला सगळी हत्यारे भस्म लावून पुजायला मांडतो, तेव्हा हा पुलर त्यात नव्हता. म्हणजे तो नंतर झाला. दि. ४ ते १५ मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला, विष्णुपुरीत मुलगी मंजुश्रीकडे होतो. त्यातले चार दिवस संगमेश्वर घरी होता. शेडला कुलूप नसते.

दि. १७ रोजी संध्याकाळी मी त्याला फोन लावून विचारले, "मशीनवर काय करत होतास?" तो म्हणाला, "अप्पा, तुमाला घरातल्या माणसाचाबी संशय येतो. तुमीच केलं असंल अन् इसरला असाल." मी म्हणालो, "डोळ्याला पट्टी बांधून केलं का?" त्याने फोन ठेवला. तेव्हापासून फोन बंद आहे.

आटा जिथे संपतो तिथे आधी खाच घ्यावी म्हणजे काम चांगले उतरते, हे मी त्याला दहा वर्षे सांगत होतो. त्याला कधी दम निघाला नाही. मी त्याला लोकांसमोर हाताचा आंधळा म्हणायचो. या पुलरवर खाच आहे, आणि अशी साफ आहे की माझी सुद्धा नसती. साहेबांनी याचा गुन्ह्याशी काय संबंध असे विचारले. संबंध नाही, पण लिहावे.

पत्नीचे म्हणणे पडले की मी जबाब बदलावा. "अवो, म्हातारपणी नजर चुकली म्हणा. एका शब्दानं तुमचं काय जातंय? एकुलता एक पोरगा हाय." त्यासाठीच ती मला आज घेऊन आली. वाटेत मी हो म्हणालो होतो. इथे दाराशी शेषेराव यांची पत्नी सिंधुबाई भेटली. तिने मला नमस्कार केला व म्हणाली, "तुमच्यामुळं तर काही धागा लागला, अप्पा."

म्हणून सांगतो की, पहिला जबाब बरोबर आहे. तो पुलर माझ्या लेथवर झाला असून तो मी केलेला नाही. माझ्याशिवाय ते काम फक्त माझा मुलगा संगमेश्वर करू शकतो. कुलूप त्याने काढले की आणखी कोणी, आणि शेषेरावांना कोणी मारले, ते मला माहीत नाही. तो सध्या कुठे आहे तेही माहीत नाही. काल पत्नीने चार भाकरी जास्त थापल्या. कोणासाठी हे मी विचारले नाही.

हा जबाब मराठीत लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. पत्नी बाहेर बाकावर बसली आहे. तिला तो वाचून दाखवू नये ही विनंती. तिला मी घरी गेल्यावर सांगतो.