डब्यातली पुडी

—न्हाई न्हाई, वैद्यबुवा, गुण आला न्हाई असं कुठं म्हणते मी? गुण आला की! पन कुणाला आला ते तर ऐका. तुमी काडेचिराईताची पुडी दिली, म्हणला नवऱ्याच्या हातात द्या, कशापायी हाय ते सांगा, दारू माणसाच्या मनानं सुटती, मंग हितं घेऊन या, पोट साफ करू, खजूर-मनुकांचं पानी देऊ — समदं ध्यानात हाय माझ्या. मी फक्त एवढंच केलं — हसू नका हां — पुडी त्यांच्या डब्यातल्या भाजीत कालवली. गुपचूप. समद्या बायका तसंच करत्यात! मेथीत कालवली, कारल्यात कालवली, कडूत कडू, कळतंय कुणाला? आन महिनाभर डबा चाटूनपुसून रिकामा. कशी झाली भाजी? तर म्हणायचे, फक्कड! मी म्हणलं, चला, औषध पोटात चाललंय. पन दारू? दारू हाय तिथंच. कंपनीतली शिफ्ट सुटली की डुलतच कुरुळीत घरी.

आन परवा दारात योगिनी, पेढे घेऊन. ह्यांच्याच लायनीवर सयाजी हाय ना, नांदेडकडचा, त्याची बायको. म्हणती, वहिनी, आमच्या ह्यांची सुटली हो, बाटलीच्या वासानं मळमळतंय त्यांना, महिनाभर तुमचाच डबा खात्यात, तुमच्या कडू भाजीचा गुण! — माझ्या भाजीचा? तवा कळलं. कंपनीत जेवाया गोल बसत्यात आन डबे फिरवत्यात. आमचे हे माझा डबा सयाजीकडं सरकवायचे आन सोता त्यांच्यातल्याच मुबीनच्या डब्यातला खिमा हाणायचे! त्याच्या बायकोच्या, फरीदाच्या हाताला चव हाय, मी न्हाई म्हणत न्हाई — पन महिनाभर? आगं भाजी कडू झालीय, एवढं सांगावं का न्हाई माणसानं? वर म्हणं फक्कड. आन मी येडी, दुसऱ्या दिवशी अजून एक चमचा जास्त. लोकाचा नवरा बरा केला मी, वैद्यबुवा. पेढा गिळवंना मला.

हसायचं काय त्यात? कंपनीच्या गेटावर फुंकायचं मशीन आलंय आता. एकदा सापडलेत हे. पुन्हा सापडला तर घरीच बसा म्हणलेत. आमच्या पोरीची, करिष्माची बारावी हाय औंदा.

काय? तोंडानं सांगा? आवो, तोंडानं सांगायचं असतं तर पुडी कशाला नेली असती? लग्न झाल्यापासनं एकदा बी म्हणले न्हाई मी, पिऊ नका म्हणून. शेजारणीला सांगितलं, देवाला सांगितलं, तुमाला सांगतेय. त्यांना न्हाई. मारत्यात म्हणून न्हाई हां — छ्या, पिऊन बी गरीबच हायत ते. भ्या वाटतं ते निराळंच. मी सांगंन, ते बरं म्हणतील, आन संध्याकाळी पिऊनच येतील. मंग माझ्या शब्दाला किती किंमत हाय ते कळंल ना मला! त्यापरीस न सांगितलेलं बरं... आता हे तुमाला कशाला सांगत बसले मी?

द्या अजून एक पुडी. आता बासुंदीत — असं का बघताय? कुठं हायत म्हंजी? बाहेर गाडीवर बसलेत की. तेच घेऊन आलेत मला, गुडघ्याचं औषध आणायचंय म्हणलं मी. सुट्टी हाय आज. अजून घेतलेली न्हाई.

...ऱ्हाऊ द्या. ठेवा ती पुडी.

आवो करिष्माचे पप्पा! गाडीला स्टँड लावा आन आत या जरा. — न्हाई, गुडघ्याला काय बी झालं न्हाई माझ्या. या. बसा हितं. बसा म्हणते ना.

वैद्यबुवा, तुमी जरा बाहेर थांबता का?