पहिला दाणा थोरलीचा

आणि वर मलाच म्हणतात, म्हातारी अडून बसली. मी अडले? तुम्हाला सांगते, पाऊस सरोवरावरून कधीच येऊन पोचला होता, माती भिजून लोणी झाली होती आणि आमच्या वाडीत एक दाणा पडला नव्हता. कारण पहिला दाणा थोरल्या बायकोने टाकायचा, मग धाकटीने, मग सुनांनी. हे आमच्या शेरडांनाही ठाऊक. थोरली मी. नवरा गेला तरी थोरलीच. सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे. असू देत. मला काय, मी आपली दारात शेंगा फोडत होते.

का बसले होते ते विचारा ना. बियाणं वाटणाऱ्या संस्थेचा तो ओडेरा साहेब आला, गुडघ्यापर्यंत बूट, हातात गाठी मारलेली दोरी. शिकवायचं तर थोरलीच्या रानात शिकवावं, एवढी अक्कल नको? शिकवलं कुठे, तर माझ्या धाकट्या सवतीच्या, अविनोच्या रानात. "बायांनो, मका उधळू नका, ओळीत लावा, गाठीपाशी खड्डा, खड्ड्यात चिमूटभर खत, वर दोन दाणे, मधल्या पट्ट्यात चवळी..." उधळू नका म्हणे. जन्म गेला माझा उधळण्यात, आणि त्याच मक्यावर ही अख्खी वाडी पोसली. पण मला काय.

बायांनी दोरी ताणली, खड्डे केले आणि उभ्या राहिल्या. साहेब म्हणतो, "टाका की बी." ह्या आभाळाकडे बघतात. "आजींनी अजून पेरलं नाही, साहेब." "मग सांगा त्यांना." तशी अविनो म्हणाली, "तुम्हीच सांगा. आम्हाला ह्याच वाडीत राहायचंय."

आला मग साखरेचा पुडा घेऊन. म्हणाला, "आजी, शनिवारपर्यंत पेरलं नाही तर उरलेलं बियाणं पलीकडच्या गावाला जाईल." त्याच्या मागे माझी सून अडोयो, पाठीला पोर, छातीशी बियाण्याचा डबा. बघत होती फक्त... उठले मी. साखरेसाठी नव्हे हो, पाय आखडले होते. टोपलं घेऊन रानात गेले.

"पेरते," म्हटलं, "पण मुठीने." तो म्हणतो ओळीत, मी म्हणते मुठीने, तो ओळीत, मी मुठीने, आणि शेवटी वैतागून म्हणाला, "अहो, सोपं आहे, हे बघा," आणि माझ्या टोपल्यातले दोन दाणे उचलून माझ्या रानात टाकले की हो, वर बुटाने माती लोटली.

अख्खी वाडी बांधावर जमली होती, बायांनी कपाळाला हात लावले.

"झालं," अविनो म्हणाली. "ह्यांनी पेरलं."

दीर ओबिएरो आमच्यातला वडीलधारा, त्याच्याकडे सगळे वळले. त्याने तंबाखू थुंकली. "पहिला दाणा ज्याच्या हातचा, ती थोरली. बूट घातलेत का अनवाणी आहे, ते बघायचं नसतं."

"मग आम्ही टाकू?" अडोयोने विचारलं आणि उत्तराला थांबली कुठे? डबा घेऊन पळाली, मागे सगळ्या. साहेबाला वाटलं, ह्याच्या शिकवणीची जादू. मी टोपलं धरून उभी.

पीक? आलं की. अडोयोची कणगी मावेना. माझं आलं... पोटापुरतं.

पुढच्या वर्षी टोपलं घेऊन निघाले तर ओबिएरो म्हणतो, "थांबा वहिनी, थोरलीला येऊ द्या." साहेबाची तर डोंगरात बदली झालेली. अविनोने फोन लावला, "असं कसं चालेल हो ताई, रजा काढा, माती वाळतेय." ताई! मला कधी इतक्या मायेने म्हणाली नाही. मला काय, मी शेंगा फोडत होते.

येतो बिचारा, दरसाल येतो. गाडी बदलून बदलून येतो, दोन दाणे टाकतो, मासे-भाकर खातो, जातो. गेल्या खेपेला माझ्याशेजारी बसून हळूच विचारतो, "आजी, ह्यातून सुटका नाही का?"

म्हटलं, बाबा, ह्या घरात लग्न करून आले त्या दिवसापासून मीही तेच विचारतेय.