फ्रान्सिसनं नेलेलं गाणं

आमच्या सुमनआत्याचं गाणं कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजायचं, हे सांगितलं की लोक हसतात. गाणं तिचं नव्हतंच म्हणा. रेकॉर्डवरचं जुनं, रडवेलं विरहगीत होतं, इंदुरात घरोघर गायचे. पण शेजारच्या फ्रान्सिसनं ते ऐकलं आत्याच्या तोंडून. तो संस्थानच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. आत्या गायला लागली की तो आपल्या ओट्यावर बसून तिच्यामागं वाजवायचा.

संस्थान गेलं, बँड मोडला. फ्रान्सिस जॅझ वाजवायला कलकत्त्याला निघाला. जाताना म्हणाला, "सुमनजी, गाना साथ ले जा रहा हूँ."  पुढं आत्यानं लग्न केलं नाही.

मध्य प्रदेश झाल्यावर एकदा लालबागेत प्रदर्शन भरलं, तिथं कलकत्त्याचा बँड आला होता. मी आत्याला घेऊन गेलो. एक धावती, नाचरी चीज सुरू झाली, तशी आत्यानं माझा हात घट्ट धरला. "अरे, हे तेच गाणं."

दुसऱ्या ओळीत सगळा बँड मध्येच थबकला आणि मग पुढं गेला. नंतर मी सॅक्सोफोनवाल्याला विचारलं, "भिया, बीच में रुके क्यों?"

"ये ऐसे ही बजता है साहब. कलकत्ते का हर बँड यहीं रुकता है. फ्रान्सिस साहब ऐसे ही सिखाकर गए."

टांग्यात बसल्यावर मी आत्याला ते सांगितलं. तिनं ती दुसरी ओळ हळूच गुणगुणून पाहिली.

मग म्हणाली, "तिथं माझा श्वास पुरायचा नाही रे."